नमुन्याची खिडकी

मित्रांनो, मी एक खिडकी आहे; पण माझ्यातून आजवर कुणी बाहेर पाहिलेलं नाही. सिंगापुरात तोआ पायोह भागातल्या एका दुकानात मला उभं केलं आहे आणि माझ्या मागे नुसती भिंत आहे. गिऱ्हाइकांनी मला उघडून-मिटून पाहायचं आणि आवडले तर माझ्यासारखी दुसरी आपल्या घरासाठी बनवून घ्यायची. मी नमुन्याची खिडकी.

एका कारखान्यात अॅल्युमिनियमच्या पट्ट्या कापून, जोडून, काच बसवून मला घडवलं. मला दोन झडपा आहेत, एक वर आणि एक खाली. दोन्ही आपापल्या खाचेतून वर-खाली सरकतात. चौकटीत दडलेल्या स्प्रिंगा त्यांचा भार सांभाळतात, म्हणून झडप जिथे सोडाल तिथे थांबते. अशा खिडकीला डबल-हंग म्हणतात. इथे आमच्यासारख्या फार दिसत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला माझं भारी कौतुक झालं. दुकानाच्या मालकीणबाई मॅडम चिन मला रोज पुसत आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी माझ्याकडे आणत.

मग नवे नमुने आले. मी मागच्या कोपऱ्यात गेले. खाचांत धूळ साचली. कुणाच्या तरी पोराने चॉकलेटचा कागद त्यात कोंबला, तोही कुणी काढला नाही. मला वाटलं, संपलं आपलं काम.

अशात एका शनिवारी जवळच्या बिशान वस्तीतून एक मराठी कुटुंब आलं. बहात्तर वर्षांचे पद्माकर, त्यांचा मुलगा वरुण, सून चैत्राली आणि चार वर्षांची नात तन्वी. पद्माकरांचा सगळा जन्म बोटीवर इंजिनं सांभाळण्यात गेलेला. वर्षापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, त्यातून ते उठले. पण डाव्या हातात पूर्वीचं बळ राहिलं नाही.

त्यांच्या बोलण्यातून मला सगळं कळलं. अकराव्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटच्या खिडक्या बाहेरच्या बाजूला उघडणाऱ्या. एके दिवशी दुपारी पावसाची सर आली, तशी पद्माकर झडप आत ओढायला वाकले. डावा हात निसटला आणि अर्धं अंग बाहेर गेलं. चैत्रालीने धावत येऊन त्यांना सदऱ्याला धरून मागे खेचलं. त्या दिवशी वरुणने त्यांच्या खोलीच्या खिडकीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. याला तीन महिने झाले होते.

"खोलीत एसी आहे ना, बाबा," वरुण म्हणाला. "मग खिडकी उघडायचा हट्ट कशाला?"

"एसी तू लावतोस, बंदही तूच करतोस," पद्माकर म्हणाले. "अरे, चाळीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली मी. पण वारा हवासा वाटला की डेकवर जात होतो. कुणाची परवानगी नाही घेतली."

"त्या दिवशी चैत्राली घरात नसती तर?" वरुण म्हणाला.

मॅडम चिननी बाजूला सरकणारी खिडकी दाखवली. चैत्राली म्हणाली, "ही नको. तन्वी पलंगावर चढून खिडकीशी उभी राहते." तेव्हा मॅडम चिन त्यांना माझ्यापाशी घेऊन आल्या.

"टॉप कॅन ओपन, बॉटम क्लोज," त्या म्हणाल्या. "अंकल नो नीड टू लीन आउट."

खरंच होतं ते. माझी वरची झडप खाली ओढली की वारा वरून आत येतो आणि खालची बंदच राहते. वरच्या झडपेची मूठही छातीच्या उंचीवर, आतल्या बाजूला. पद्माकरांनी उजव्या हाताने मूठ धरली आणि ओढली. मी हलले नाही. त्यांनी पुन्हा ओढली. झडप जागची तसूभरही सरकेना. मित्रांनो, तेव्हा मला वाटलेली शरम मी विसरणार नाही.

"बघा," वरुण हळूच म्हणाला. "हेही नाही जमत. आपण न उघडणारी काच बसवून टाकू."

"ओल्ड सॅम्पल लाह! न्यू वन व्हेरी स्मूद," मॅडम चिन त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत घाईघाईने म्हणाल्या.

पद्माकर मात्र निघाले नाहीत. त्यांनी माझ्या खाचेत बोट घातलं आणि वर आलेली काळी घाण वरुणला दाखवली.

"ही जड नाही रे. हिच्याकडे कुणी पाहिलेलं नाही. फडकं माग त्यांच्याकडे. आणि मेणबत्ती."

मॅडम चिननी दुकानातल्या देव्हाऱ्याजवळची लाल मेणबत्ती आणून दिली. वरुणने फोनचा उजेड धरला. पद्माकरांनी खाचा कोरून काढल्या, तो चॉकलेटचा कागद बाहेर ओढला, मग दोन्ही बाजूंना मेण घासलं. घाम पुसायलाही ते थांबले नाहीत. वरुण मदतीला पुढे झाला, तर म्हणाले, "तू उजेड धर. हात नको लावूस."

मग त्यांनी मूठ धरली. दोन बोटांनी. मी अलगद खाली आले.

"आजोबा कॅन!" आजोबांना जमलं म्हणून तन्वी इथल्या बोलीत ओरडली.

त्यांनी मला पुन्हा वर नेलं आणि आता डावा हात मुठीवर ठेवला. मी माझ्याकडून जितकी हलकी होता येईल तितकी झाले. हळूहळू, अडखळत, पण मी खाली आले आणि जिथे त्यांनी सोडलं तिथे थांबले.

वरुण त्या हाताकडे पाहत होता. मग मॅडम चिनकडे वळून त्याने विचारलं, माप घ्यायला माणूस कधी पाठवता?

दोन महिन्यांनी चैत्राली स्वयंपाकघरासाठी तशीच खिडकी सांगायला आली. अंकल कसे आहेत, असं मॅडम चिननी विचारलं, तर ती हसायला लागली. म्हणाली, आम्ही उठायच्या आत त्यांची खिडकी उघडलेली असते. दर आठवड्याला वरुण खाचा पुसतो आणि ते खुर्चीत बसून चुका काढतात!

माझ्याही खाचा आता दर सोमवारी साफ होतात. मी समाधानात आहे.

मित्रांनो, घरासाठी खिडकी निवडायची वेळ आली, तर घरात ज्याचा हात सगळ्यांत दुबळा असेल, त्याला आधी ती उघडून पाहू द्या. आणि बसवल्यावर तिला विसरू नका. काच तर सगळेच पुसतात. तुम्ही खाचाही पुसा.