बिनशिगेचं माप

आमच्या घरात माप शीग लावूनच भरायचं, ही सासूबाईंची शिकवण. दारी कुणीही येवो, मापट्यावर ज्वारीचा डोंगर उभा राहिला पाहिजे. हात फिरवून सपाट केलेलं माप म्हणजे चिकटपणा. मीही तो नेम पाळत आले. सकाळचं पहिलं मापटं शिगेसकट दान केल्याशिवाय तोंडात पाणी घेतलं नाही. पण ज्या माणसाचे माझ्यावर जन्माचे उपकार आहेत, त्याचा जीव बिनशिगेच्या मापानं राहिला. ते लिहून ठेवते.

निजामाच्या राज्यातलं फसली तेराशे विसाचं साल. नांदूरघाटाच्या वरच्या डोंगरात वाघ उतरला होता. त्यानं दोन गुराखी नेले. शिकारीचा परवाना आणि एकनळी रायफल आमच्याच घरी, म्हणून गाव आमच्या घरधन्यांकडं आलं. आषाढात हे गेले, गोळी झाडली. ती वीतभर खाली लागली आणि वाघाचा नुसता पंजा फुटला. चवताळून तो यांच्यावर आला, तेव्हा धुळाजी धनगर भाला घेऊन मध्ये पडला आणि यांना मागं ओढलं. धुळाजीचा खांदा फाटला, माझं कुंकू राहिलं.

जखमी वाघ आता माणसावरच टपला. त्याला मारणं भाग होतं, आणि माग काढत पुन्हा धुळाजीच पुढं चालणार होता. त्याची बायको मनकर्णा ओसरीखाली येऊन बसली.

"बाईसाब, या वक्ताला गोळी सुदी जाईल नव्हं?"

"देवी बघेल गं," मी म्हणाले.

"देवी बघंल ओ, पर वाघ तिचंच वाहन हाय. ती कुणाकडनं बघंल?"



हे रोज सकाळी जुन्या भिताडावर चुन्याचा गोल काढून शंभर पावलांवरून गोळ्या झाडत. काडतुसं हातानंच भरलेली. रिकाम्या पितळी नळीच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी, आत मापानं दारू, वर पुठ्ठ्याची चकती, मग घरी ओतलेली शिशाची गोळी. गोळ्या सुपाएवढ्या जागेत विखरायच्या. यांनी शिसं बदललं, चकत्या बदलल्या, रायफलची नळी घासून घासून आरशासारखी केली. फरक पडेना. खांद्याला फडकं बांधलेला धुळाजी म्हणे, "मालक, भिताडाला बी कळंना, कुटं उभं ऱ्हावं!"

श्रावण लागला होता, माझी चातुर्मासातली तांदळाची लाखोली चालू होती. महादेवाला रोज हजार अखंड दाणे, एकेक मोजून, आणि मोजणं संपेपर्यंत मौन. एके दिवशी हे माझ्यासमोरच काडतुसं भरत बसले. अंगठ्याएवढं माप दारूत बुडवायचे, वर शीग यायची, ती तशीच जपून नळीत ओतायचे. एका मापाला शीग टोकदार, दुसऱ्याला बसकी, तिसऱ्याची अर्धी सांडलेली. बघता बघता माझी गणती सहाशेच्या पुढं कुठंतरी हरवली. पुन्हा एकापासून सुरुवात केली. बोलता तर येईना, मी भराभर दाणे मोजत सुटले.

हजारावा दाणा पडला तशी म्हणाले, "अहो, शीग काढा."

"कशाची?"

"दारूची. शीग दर खेपेला वेगळी बसते. मग गोळी तरी एका जागी कशी जाईल?"

यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "या घरात सपाट माप? आई असती तर?"

खांबाला टेकलेला धुळाजी म्हणाला, "मालक, वाघाला काय खळ्यावर बलुतं घालायचं हाय? कमी पडलं म्हणून त्यो तहसिलीत गाऱ्हाणं न्यायचा न्हाई!"

हे हसले आणि माप माझ्या हाती दिलं. पूजेतल्या बेलपानाचा वाळका देठ घेऊन मी प्रत्येक मापावरून सरळ फिरवला. पाच काडतुसं भरली.

दुसऱ्या दिवशी, शिगेएवढी दारू कमी झाल्यानं, पाचही गोळ्या गोलाच्या खाली लागल्या. यांचं तोंड उतरलं. धुळाजी मात्र भिताडाजवळ जाऊन ओरडला, "मालक, वाटीखाली झाकतील एवढ्या जागंत हायती! चूक एका जागी बसली. आता तिला धरता यील!"

मग यांनी पितळी माप सोडून वेळूच्या नळीचं माप केलं, आधीच्यापेक्षा किंचित खोल. त्याच्या गोळ्या थोड्या वर आल्या. दुसरं केलं, आणखी केसभर खोल. तिसऱ्या नळीला पाचही गोळ्या चुन्याच्या गोलात. तीन दिवस मी देठ फिरवत होते आणि ओठांत शिवाचं नाव घेत होते. देवीलाही विनवलं, माये, तुझं वाहन तुझ्याकडंच धाडतोय, राग धरू नकोस.

सोमवारी सकाळी दोघं डोंगरात गेले. मी मनकर्णाला जवळ बसवून तिच्या ओच्यात तांदूळ घातले. "मोज माझ्यासंगं." आम्ही मोजत राहिलो. ऊन ओसरीवर आलं तेव्हा एक बार ऐकू आला. दुसरा झाला तर पहिला फसला असं समजायचं. आम्ही दुसऱ्याचा कानोसा घेत राहिलो. तो आला नाही, पण माणसाचा आवाजही येईना. मनकर्णानं माझा हात इतका घट्ट धरला की दोन बांगड्या पिचल्या.

मग खिंडीतून हाळी आली. धुळाजीची, मेंढरं वळवताना देतो तशी.

मनकर्णा उठून धावत सुटली. तांदूळ अंगणभर सांडले. त्या दिवशी लाखोलीत किती दाणे भरले, ते महादेवालाच ठाऊक. मी जागीच हात जोडले, महादेवाला, देवीला, आणि हाळी आली त्या दिशेलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं दान धुळाजीला द्यायचं ठरवलं होतं. त्यानं घोंगडीचा पदर पसरला. मी मापटं भरलं आणि तीन दिवसांच्या सवयीनं वरून हात फिरवून सपाट केलं.

धुळाजीनं मापट्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बाईसाब," तो म्हणाला, "मी वाघ न्हाई हो!"

घरात हे पोट धरून हसत होते. मी लाजेनं आणि आनंदानं रडत रडत शीग चढवत गेले, दाणे ओघळून त्याच्या पायांवर पडेपर्यंत.