सांगायचं कधी

“साप पहिल्याच ओळीत चावला, तर माणसं पुढे वाचतील कशाला?”

म्हापशाच्या कथालेखन शिबिरात मार्गदर्शकांनी सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा कमलाक्षीबाई ओशाळल्या. पेडण्याच्या प्राथमिक शाळेत त्या मुलांना रोज गोष्टी सांगत. पण कागदावर सगळं एका दमात संपून जाई. त्यांच्या कथेत काजूच्या बागेतली बाई टोपलीत हात घालते आणि तिला साप डसतो.

“टोपलीत साप आहे हे वाचकाला आधी सांगा, बाईला सांगू नका,” ते म्हणाले. “ती पदर खोचू दे, शेजारणीशी बोलू दे. वाचकाचा जीव तिथेच टांगणीला लागतो.”

परतीच्या बसमध्ये त्या हेच घोळवत होत्या. भाषेच्या आंदोलनाचे दिवस. ठिकठिकाणी रस्त्यावर झाडं आडवी पाडलेली. थांबत थांबत बस धारगळला आली. तिथे चढलेला एक माणूस कंडक्टर सखारामच्या कानाला लागला. सखाराम त्यांच्याच वाड्यावरचा. त्याने कमलाक्षीबाईंकडे पाहिलं आणि मान फिरवली.

मागच्या बाकांवरची बडबड थांबली. शेजारच्या अनोळखी बाईने अंग चोरून त्यांना ऐसपैस जागा करून दिली.

वळणावर बस हळू झाली. “बाई, हंय बगा,” सखाराम घाईने शेताकडे बोट दाखवत म्हणाला, “यंदा मिरच्यो बऱ्यो दिसतत.”

त्यांनी दुसऱ्या बाजूला पाहिलं. आडव्या आंब्याच्या फांद्यांत नवऱ्याची, कृष्णनाथची, मोटरसायकल अडकली होती.

सगळ्या बसला ठाऊक होतं. फक्त त्यांना नव्हतं. विचारलं नसतं तर आणखी थोडा वेळ ते तसंच राहिलं असतं.

“सखाराम, सांग.”

“तुमकां म्हापशासून हाडूक येय होतो, बाई. बसी बंद आसतीत म्हणान...”

“तां नाय विचारलंय. तो आसा काय नाय?”

सखारामने बाकाची दांडी घट्ट धरली. “नाय, बाई.”

घराच्या अंगणात पुरुष मंडळी उभी होती. एकजण पुढे होऊन कुजबुजला, “म्हातारेक सांगूक नाय. जेवान तरी जाव दी तिचा.”

कमलाक्षीबाई सरळ आत गेल्या. मोतीबिंदूने डोळे गेलेली सासू अंदाजाने नारळ खवत होती.

“कमल, इलंस? एकलीच? कृष्णा तुका हाडूक गेलो मगे.”

त्यांनी खवणी दूर सारली, जमिनीवर बसल्या आणि म्हातारीचे दोन्ही हात हातांत घेतले.

“आये, तुझो कृष्णा गेलो. वाटेर अपघात झालो.”

अंगणातली कुजबुज थांबली. खोबऱ्याने माखलेला म्हातारीचा हात सुनेच्या दंडावरून चाचपत वर सरकला. खांद्यावर अजून पिशवी होती. ती तिने हळूच उतरवली आणि बाजूला ठेवली.