देवमन चहाला आला

दसऱ्याच्या सकाळी चौकात झेंडू आणायला गेलो आणि भेटेल त्याला म्हणत सुटलो, "या पाच वाजता चहाले." आमच्या अकोल्यात हे म्हणायचं असतं, येतं कोण? बायको सत्यभामा लेकीकडे अकोटला गेलेली, आणि मी जन्मात कधी चहा केलेला नाही. जेवलो आणि दिवाणावर आडवा झालो. तोरणातल्या झेंडूचा वास, खिडकीतून आलेलं पिवळं ऊन. डोळा लागला तशी मी बस चालवायला लागलो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी दुपारची झोप म्हणजे मला अकोटचा रस्ताच असतो. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, मागे दोनदा घंटी वाजली की निघायचं.

फाटक वाजलं. मला वाटलं, प्रवासी चढले. डोळे उघडले तर दारात फुलंवाली केशरबाई, आणि मागे शेजारचे सुगत मास्तर, धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमाहून आलेले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. ती पांढरी चमक पाहून मी अजून झोपेतच आहे असं वाटलं.

"झोपले का, बाप्पा?" केशरबाई म्हणाली. "चहाले बोलावलं ना?"

मी सत्यभामेला फोन लावला.

"किती जन हाय?"

"दोन."

"मंग अर्धा लिटर दूध घ्या, अद्रक ठेचून टाका. अन् साखर तुमी नोका टाकू. केशरबाईले टाकू द्या."

माझ्यावर तिचा विश्वास हा एवढाच. मी अद्रक ठेचायला बसलो, तेवढ्यात केशरबाई सहज म्हणाली, "देवमनभाऊबी येऊन राहिले. सकाळी हार न्याले आले होते, मीनंच सांगतलं."

माझा हात थांबला. देवमन बारा वर्षं माझा कंडक्टर. मी पुढे, तो मागे. पाच वर्षांपूर्वी एका फाट्यावर म्हातारीचं बोचकं उतरवायला तो खाली गेला, कोण्या पोरानं खेळताखेळता घंटीची दोरी दोनदा ओढली, आणि मी निघालो. सारी गाडी पेंगत होती. आठ किलोमीटर गेल्यावर एक बाई चढली, तिनं तिकीट मागितलं, तेव्हा कळलं की देवमन गाडीत नाही. मागाहून देवमन कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून धुळीनं माखून आला. डेपो वर्षभर हसला. सर्वांत मोठ्यानं मी हसलो, गाढव! त्या दिवसापासून त्यानं ड्यूटी बदलून घेतली आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाही. त्याच्या घरावरून जाताना माझी मान आपोआप खाली जायची. त्यानं एकदा बोलावं, शिवी दिली तरी चालेल, एवढंच मला हवं होतं.

तो आला. केस पार पांढरे झालेले. मुकाट्यानं माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि खुर्चीवर बसला. चहा उकळला, वाफ उन्हात चढत गेली. चौघंही बशीतून हळूहळू पीत होतो. सुगत मास्तर म्हणाले, चहा छान झालाय. केशरबाईनं दुसऱ्यांदा घेतला. कुणाला घाई नव्हती, आणि मी पापणी लववायलाही भीत होतो. जाग आली तर देवमन खुर्चीत नसेल, असं वाटत होतं.

ऊन भिंतीवरून उतरलं तशी ती दोघं निघाली. देवमन उठला नाही.

"तू सोडून गेला त्याचा राग नाही," तो म्हणाला. "घंटी पोरानं मारली, मले मालूम हाय. पन आठ किलोमीटर, गोवर्धन! बारा वर्षं संगं काढले, अन् मी मांगं नाही हे तुले समजलंबी नाही?"

त्या आठ किलोमीटरांत मी काय करत होतो, ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती, सत्यभामेलाही नाही. डेपोत सांगितली असती तर वेड्यात काढलं असतं.

"कसं समजंल, लेका?" मी म्हणालो. "मी साऱ्या रस्त्यानं तुह्यासंगंच बोलून राहिलो होतो."

देवमननं रिकामी बशी खाली ठेवली आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"मले तं काहीच आयकू नाही आलं," तो म्हणाला. "आता सांग."