ऑरगॅनिकच्या दाराबाहेर

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी एका जागी बूड टेकून बसायची नाही म्हणून आईनं ठेवलेलं, आणि ते असं चिकटलं की लग्नानंतर नवराही तीच हाक मारायला लागला. लग्न झालं, घर मार्गी लागलं, आणि मग बाईसाहेबांना आठवलं की आपली रसायनशास्त्राची डिग्री अर्धवट राहिलीय. झालं, घेतलं दप्तर आणि गेली कॉलेजात. वर्गातली पोरं तिच्याहून कितीतरी लहान. ती तिला ताई म्हणायची, तिच्याच वहीतून उतरवायची आणि वर तिलाच हसायची. ती कुणाचं वाईट वाटून घ्यायची नाही, घ्यायला वेळच नव्हता.

आता ही डिग्री म्हणजे काय प्रकरण असतं, ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. चार पुस्तकं पाठ केली आणि पेपर लिहिला, असं नसतं ते. एका विषयावर दुसरा उभा, दुसऱ्यावर तिसरा. मधलाच एक राहिला की वरचे सगळे लटकले. आणि त्यातही ऑरगॅनिकचं, सेंद्रिय रसायनाचं, दुसरं प्रॅक्टिकल म्हणजे हात धुऊन पाठीमागे लागलेली पीडा. वर्षातून एकदाच व्हायचं. सगळे प्रयोग स्वतःच्या हातानं करायचे, दुसऱ्यानं करून चालायचं नाही, एकही गाळून चालायचं नाही. ते झालं नाही तर शेवटच्या वर्षाचा दरवाजा बंद. थिअरीत माणूस कसाबसा काठावर पास होतो, पण प्रॅक्टिकलला काठच नसतो.

भिंगरीनं अर्धे प्रयोग केले, आणि तिला दिवस गेले.

लॅबच्या बाईंना तिनं ते हसत हसत सांगितलं. बाई म्हणजे नाकावर राग आणि तोंडात विस्तव, पण भिंगरीवर त्यांचा जीव होता. आपली विद्यार्थिनी आनंदाची बातमी देतेय, निदान पाठीवर हात तरी ठेवतील, असं तिला वाटलं. बाईंनी हातातली बाटली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "काढ अ‍ॅप्रन."

"काय?"

"अ‍ॅप्रन काढ आणि बाहेर हो. आत्ताच्या आत्ता. इथल्या अर्ध्या बाटल्या पोटातल्या पोराला सोसत नाहीत."

"बाई, हातमोजे घालीन, मास्क लावीन, खिडकीपाशी उभी राहीन..."

"खिडकीपाशी उभी राहायला ही काय बस आहे? नियम आहे. आणि नियम नसता ना, तरी मी तुला आत घेतलं नसतं. बाळ होऊ दे, मग ये. प्रयोग कुठे पळून जात नाहीत."

प्रयोग पळून जात नाहीत, पण वर्ष जातं. भिंगरी घरी आली ती धुमसतच. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून नुकताच आलेला, तेलकट हात साबणानं घासत होता. तिनं पिशवी आपटली आणि म्हणाली, "ह्यालाच बरं आत्ता यायचं होतं! चार महिने थांबलं असतं तर काय बिघडलं असतं त्याचं?"

"त्याला काय माहीत तुझं टाइमटेबल," नवरा म्हणाला.

तिला हसू फुटलं. रागाच्या भरात हसू आलं की माणूस अर्धा हरतोच. पण ते वाक्य तिच्या तोंडून गेलं ते गेलं. पुढे त्या वाक्यानं तिला किती छळलं, ते तिचं तिलाच ठाऊक.

घरी बसणं काही तिच्या रक्तात नव्हतं. थिअरीचे तास ती करायचीच, आणि प्रॅक्टिकलच्या वेळी लॅबच्या दाराबाहेरच्या बाकावर येऊन बसायची. दाराला वर काच होती. आतून तिचा जोडीदार, ज्याला सगळे लंबू म्हणायचे, फ्लास्क उचलून काचेला लावायचा आणि भुवया उडवून विचारायचा, ठीक आहे का? ती आतल्यासारखीच ओरडायची, "अरे, अजून थंड कर! ढवळ ना नीट, हाताला मेंदी लागलीय का?" शिपाईकाकांनी तिच्यासाठी कुठून तरी एक उशी पैदा केली. आणि बाईंचं रोजचं ठरलेलं. दार किलकिलं करून बोट नाचवायचं, "एक पाऊल आत टाकलंस तर बघ! तंगडं मोडून ठेवीन."

हळूहळू तिचा राग निवला. बाकावर बसल्या बसल्या ती पोटावर हात ठेवून पुटपुटायला लागली. "हे बघ, आता तो लंबू आम्ल घालणार, सगळं सांडणार, तू मात्र असा धांदरटपणा करायचा नाहीस." लाज वाटायची, आजूबाजूला बघायची आणि परत सुरू. वर्ष गेलं तर गेलं. पुढच्या वर्षी करू. एवढी मोठी गोष्ट व्हायचीय, तिच्यापुढे एक प्रॅक्टिकल ते काय! पोट जेमतेम दिसायला लागलं होतं, आणि हिनं लेकराला निम्मं ऑरगॅनिक शिकवून ठेवलं होतं.

आणि पाचव्या महिन्यात ते गेलं.

पहाटे पोटात कळ आली, नवऱ्यानं रिक्षा आणली, दुपारपर्यंत सगळं आटोपलं. डॉक्टर हात पुसत म्हणाले, "तुमची काही चूक नाही. असं होतं कधी कधी." असं होतं म्हणे! काय बोलावं अशा माणसाला? त्यांचंही काही चुकलं नसेल, पण त्या क्षणी भिंगरीला त्यांच्या हातातला तो टॉवेल ओढून फेकून द्यावासा वाटला. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं, की आपण म्हटलं होतं, आत्ताच यायचं होतं का. ऐकलं असेल त्यानं. ऐकलं, आणि थांबलं.

घरी आल्यावर सगळे कसे शहाण्यासारखे वागले. आई येऊन राहिली आणि तिनं घरात बाळ हा शब्द उच्चारला नाही. शेजारीण डबा द्यायची, पण दारातूनच. नवऱ्यानं आणून ठेवलेलं ते छोटं टोपडं आईनं कुठे ठेवलं, कुणी विचारलं नाही. काहीच नव्हतं, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं. भिंगरीला वाटायचं, एखाद्यानं तरी रडावं हो मोठ्यानं. पण तीही रडत नव्हती, मग दुसऱ्याला काय सांगणार?

आई गेली, आणि एके दिवशी नवरा चाचरत म्हणाला, "राहिलेल्यांची प्रॅक्टिकलं सुरू झाली असतील ना? डॉक्टरांनी कामाला हरकत नाही म्हटलंय. बाईंना सांग. अजून वेळ आहे. वर्ष तरी वाचेल."

वर्ष तरी. ह्या 'तरी'नं तिच्या काळजात चर्र झालं. पण तो वाईट बोलला नव्हता, हे तिला कळत होतं. सेमिस्टरच्या शेवटी मागे पडलेल्यांसाठी लॅब काही दिवस उघडी ठेवत. तिचे चारच प्रयोग राहिले होते. सहज होण्यासारखे होते. ती दुसऱ्या दिवशी निघाली, ती सांगायचंच असं ठरवून.

शिपाईकाकांनी तिला लांबून पाहिलं आणि उशी झटकून बाकावर ठेवली. लंबूचेही सांडासांडीत काही प्रयोग राहिले होते; त्यानं आतून काचेला नाक लावलं. "ताई! कुठे गायब होतात? आमचा भाचा काय म्हणतो?" तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात आतून बाईंचा आवाज आला.

"तिथेच! तिथेच थांब! आज ब्रोमीन काढलंय. एक पाऊल पुढे आलीस तर खबरदार!"

तिचं पाऊल थांबलं. आणि कितीतरी दिवसांनी तिला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. इथे कुणाला ठाऊक नव्हतं. इथे ते अजून होतं. बाई त्याच्यावरून ओरडत होत्या, लंबू त्याची चौकशी करत होता, काकांनी त्याच्यासाठी उशी झटकली होती. ती बाकावर बसली. पोटावर हात ठेवला. कुणी बघतंय म्हणून नाही, आपोआपच गेला.

उद्या सांगू, म्हणाली. उद्या आला, तेव्हा परवा. ढगळ कपडे घालून ती रोज यायची, रोज बाईंच्या शिव्या खायची आणि तृप्त होऊन घरी जायची. वेडेपणा म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. आपण फसवतोय हे तिला कळत होतं, एकेक दिवस जातोय, वर्ष हातचं जातंय, हेही कळत होतं. पण तोंडातून शब्द निघाला की इथलंही संपलं, आणि मग ते कुठेच उरणार नव्हतं.

रात्री जेवताना नवरा विचारायचा, "आज काय बनवलंस?"

"स्फटिक," ती सांगायची. लंबूच्या फ्लास्कमध्ये पाहिलेलं आठवून आठवून सांगायची. "पांढरे. सुईसारखे."

"मग? बाई खूश?"

"बाई कधी खूश असतात का?"

तो हसायचा. त्याला बरं वाटतंय हे पाहून तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

लॅब बंद व्हायला आठवडा उरला. रोज एक केला तर चार प्रयोग अजून बसले असते. त्या दिवशी ती बाकावर टेकते न टेकते तोच दार धाडकन उघडलं आणि बाई बाहेर आल्या. चक्क हसत होत्या. बाईंना हसताना पाहून शिपाईकाकाही जागच्या जागी थबकले.

"मिळाली परवानगी!" बाई म्हणाल्या. "किती डोकं फोडलं त्या विद्यापीठातल्या लोकांपुढे, विचारू नकोस. तुझे चार प्रयोग पुढच्या वर्षी घ्यायचे, आणि शेवटच्या वर्षाचे विषयही सोबत करायचे. वर्ष फुकट जाणार नाही तुझं. आणि हो, प्रॅक्टिकलच्या वेळी बाळ माझ्याकडे. माझ्या खोलीत पाळणा बांधते. कोण काय बोलतं तेच बघते मी!"

भिंगरी उठून उभी राहिली. काहीतरी बोलायला हवं होतं, आभार मानायला हवे होते.

"पाळणा नको, बाई."

"का गं? सांभाळता येत नाही की काय मला?"

"बाळ नाहीये, बाई. गेलं. महिना होईल आता."

बाईंना आधी कळलंच नाही. त्यांनी तिच्या पोटाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. "अगं, पण तू तर रोज... रोज येऊन इथे बसतेस..."

"तुम्ही रोज आत येऊ नको म्हणत होतात ना," भिंगरी म्हणाली. "म्हणून येत होते."

आणि मग ती रडली. इतक्या दिवसांचं तुंबलेलं सगळं एकदम फुटलं. बाईंनी तिला धरायला हात पुढे केले, हातांत मोजे होते, लॅबमधले. सवयीनं हात मागे घेतले आणि घाईघाईनं मोजे ओढून काढू लागल्या. मग मध्येच त्यांच्या लक्षात आलं की आता त्याची काही गरज नाही. मोजे खाली पडले आणि बाई त्या पोरीला पोटाशी धरून बाकावर बसल्या. वीस वर्षांत त्या बाकावर कधी बसल्या नव्हत्या.

मग बाई, काय करावं न कळून, कामाचं बोलल्या. त्यांना तेवढंच येत होतं. "चल, आत चल. चार दिवसांत चार होतील. मी स्वतः उभी राहीन तुझ्याजवळ. चल, बाळा."

भिंगरीनं मान हलवली. "आज नको म्हणा ना, बाई. एकदाच. उद्या येईन मी, शप्पथ. आज शेवटचं नको म्हणा. नेहमीसारखं."

बाई उठल्या, दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीसारखं बोट उगारलं. एवढी जहाल बाई, पण आज ते बोट काही नाचेना.

"येऊ नकोस आत," त्या म्हणाल्या. "एक पाऊल टाकलंस तर बघ. पोटात बाळ आहे तुझ्या."

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. स्फटिक नव्हते, काही बनवलं नव्हतं, नुसती बाहेर बसून होते. तो चिडेल असं तिला वाटलं होतं. तो तिच्याशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "कामावर मीपण कुणाला सांगितलेलं नाही गं. पोरं अजून विचारतात, पार्टी कधी. मी म्हणतो, देऊ की, घाई काय."

दोघं एकमेकांना धरून रडली. निदान एकत्र रडली.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर कॉलेजात पोचली. बातमी तिच्या आधी पोचली होती. शिपाईकाका कुलपांच्या जुडग्यात काहीतरी शोधत राहिले, वर बघेनात. लंबू आत मान खाली घालून नळ्या धूत होता, एकच नळी पुन्हा पुन्हा. बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या आणि काही लिहीत नव्हत्या. ईथरचा तो ओळखीचा गोडूस वास दारापर्यंत आला होता.

दार उघडंच होतं. भिंगरीनं अ‍ॅप्रन घातला, उंबऱ्याशी थोडी थांबली. मग पाऊल आत टाकलं. तिला कुणीच अडवलं नाही.