आसरेच्या कपाळी हळद

चूक माझीच. सासूबाईंना म्युझियम दाखवायची हौस मलाच आली होती ना, मग भोगा आता!

स्टुटगार्टपासून तासाभरावरचं आमचं छोटं, खाजगी म्युझियम. तिथं मी जुन्या दगडी मूर्ती साफ करते, त्यांची डागडुजी करते. प्रोबेत्साइटचे, म्हणजे कच्च्या नोकरीचे, सहा महिने संपत आले होते, सोमवारी कायमच्या कॉन्ट्रॅक्टवर सही होणार होती. मूल होणार नाही, हे डॉक्टरांनी मार्चमध्येच स्पष्ट सांगितलं होतं. नवरा, हृषिकेश, म्हणाला, "देवश्री, आईला इतक्यात नको सांगूस. परत गेली की फोनवर बघू." तेव्हा माझं म्हणावं असं उरलं होतं ते हे काम. ते मला हवंच होतं.

शुक्रवारी टेबलावर प्रदर्शनासाठी आलेली अ‍ॅझ्टेक लोकांची जलदेवी होती, चाल्चिउत्लिक्वे. गुडघे टेकून बसलेली, हात मांडीवर, कानांशी दोन मोठे गोंडे. पाचशे वर्षांपूर्वीचा, बारीक छिद्रांचा ज्वालामुखीचा दगड.

"ही नद्या-तळ्यांची देवी, आई," मी आपलं कौतुकानं सांगितलं. "तिकडे जन्मलेल्या बाळाला हिचं नाव घेऊन आंघोळ घालायचे."

"अगं बाई, म्हणजे आपली आसराच की!" आई हरखल्याच. "आमच्या कराडच्या घाटावर सात आसरा आहेत. हृषी त्यांच्याच नवसाचा."

मी शेजारच्या खोलीत कागद आणायला गेले. पाच मिनिटं, फार तर. परत येते तो देवीच्या कपाळावर हळद, हळदीवर कुंकू, मांडीवर तांदूळ! आणि पाण्याची देवी म्हणून आईंनी हळद बाटलीतल्या पाण्यात कालवलेली. कोरडी असती तर ब्रशनं झटकली असती. ओली हळद बिस्किटात चहा शिरावा तशी दगडात शिरली होती.

मागे दारात माझी बॉस, फ्राऊ क्रेमर. ओरडली नाही बाई. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"का केलं हे? विचार त्यांना."

मी विचारलं. आई हात जोडूनच होत्या. "सांग तिला, सुनेची कूस उजवावी म्हणून केलं. बारशाला मी परत येणार म्हणावं."

आता हे जर्मनमध्ये मीच सांगायचं! "मला मूल व्हावं म्हणून," एवढंच कसंबसं म्हणाले. शरमेनं कान तापले.

फ्राऊ क्रेमरनं माझ्याकडे पाहिलं, मग मूर्तीकडे. "हं... मला वाईट वाटतं, देवश्री. पण याचा रिपोर्ट द्यावाच लागेल. सोमवारचं कॉन्ट्रॅक्ट आता होणार नाही."

"काय म्हणाली गं?"

"नोकरी गेली माझी."

"जाऊ दे मेली! बाळ आलं की तशीही सोडावीच लागली असती."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "बाळ येणार नाहीये, आई! कधीच नाही. डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलंय."

पदराचं टोक बोटांना गुंडाळून आई पुढे झाल्या आणि देवीचं कपाळ पुसायला लागल्या. मी त्यांचं मनगट धरलं.

"नका पुसू, आई. आणखी पसरेल."

"मग आता काय करायचं गं?"

त्यांचं मनगट तेवढं धरून मी उभी राहिले.