बंद केलेलं पाणी

सुमनबाई स्वयंपाकघरातला नळ उघडा ठेवून बाहेर गेल्या. ज्यांनी जन्मात कधी पाण्याची वाट पाहिली नाही, त्यांनी यावर खुशाल हसून घ्यावं. जुन्या वस्तीत नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसायचा. पाणी गेलं की नळ पुरता उघडायचा, खाली हंडा लावायचा आणि कामाला लागायचं. नळ सुसू वाजू लागला की हातातलं टाकून धावायचं. सगळी वस्ती हेच करायची. नळ बंद करून निवांत बसणारी बाई तिथे आळशी ठरायची.

गंगापूर रोडच्या या नव्या इमारतीत त्या दिवशी टाकी धुवायची होती, म्हणून पाणी बंद होतं. मुलगा सनी बँकेत गेलेला, सून संजना तिच्या शाळेत. सुमनबाईंच्या हाताने सवयीने नळ उघडला आणि सिंकमध्ये हंडा ठेवला. तेवढ्यात वस्तीतून फोन आला, शेजारची म्हातारी गेली म्हणून. सनीच्या बाळंतपणात त्यांना न्हाऊमाखू घातलेली बाई ती. सुमनबाईंनी पायात चपला अडकवल्या आणि निघाल्या. मागे पाणी आलं, हंडा भरला. हंड्याचं गोल बूड सिंकच्या जाळीवर असं चपखल बसलं होतं की पाण्याला खाली जायला वाटच उरली नाही. ते ओट्यावरून फरशीवर आलं आणि फरशीतून खालच्या महेशच्या घराच्या छतात उतरलं.

सनी ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. खाली जाऊन त्याने महेशची आणि त्याच्या बायकोची, हर्षालीची, इतक्या वेळा माफी मागितली की शेवटी तीच दोघं संकोचली. मग वर येऊन तो फरशी पुसत बसला. कोरडी झालेली फरशीसुद्धा पुसत राहिला.

"ठेव सनी, मी पुसते," सुमनबाई म्हणाल्या.

"राहू दे आई. तू बस."

तू बस. एवढंच म्हणाला, पण ते सुमनबाईंना झोंबलं. सगळं आयुष्य अंगणवाडीत राबलेल्या बाईला आजवर कुणी बस म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी सनीने पिंप भरून ठेवलं, बादल्या भरल्या. "टाकीचं काम अजून उरकलेलं नाही आई. दिवसा पाणी येणार नाही. एवढं पुरवून वापर." संजना दारात घुटमळली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण सनीने तिच्याकडे पाहिलं आणि ती निघाली. मग रोज तसंच होऊ लागलं. संध्याकाळी सनी-संजना घरी आली की नळाला पाणी असायचं. सोसायटीने वेळ बांधून दिली असेल, असं सुमनबाई धरून चालल्या. पाण्याला वेळ असते यात त्यांना नवल नव्हतं. पुरवून वापरणं तर त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. भाजी धुतलेलं पाणी त्या कुंडीतल्या तुळशीला नाही, मिरचीच्या रोपाला घालायच्या. मिरची निदान कामाला तरी येते, असं त्यांचं म्हणणं.

एका दुपारी महेशची आई कुसाबाई वर आली. ही कळवणकडची, लेकाकडे चार दिवस राहायला आलेली. गळक्या छताखाली लावायला सुमनबाईंनीच दिलेली बादली तिने परत आणली होती. तिला दारात पाहताच सुमनबाई लगबगीने पुढे झाल्या.

"बाई, फार नुकसान झालं तुमचं माझ्यापायी."

"आता किती दिस तेच ते? वाळंल छत. अवो, आमच्या गावाला समद्या बाया नळ उघडाच ठेवत्यात. मी इथं आले तव्हा आमच्या हर्षालीनंबी माझा नळ बंद केला. वर हात जोडले मला, नका हो आत्या म्हणून."

दोघी हसल्या. सुमनबाईंना कितीतरी दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. बादलीला छताचा चुना लागलेला होता, तो कुसाबाईच्या हाताला आला. हात धुवायला ती सिंकपाशी गेली आणि तिने नळ फिरवला.

"पाणी नाय?"

"टाकीचं काम चाललंय ना. कुणाकडेच नाही दिवसा."

"कोन म्हनलं? आमच्याकडं धो धो येतंय. आत्ता कपडे धुऊन आले मी."

सुमनबाई भरलेल्या बादल्यांकडे वळल्या. त्यांनी बादलीत तांब्या बुडवला आणि कुसाबाईच्या हातांवर पाणी घातलं. कुसाबाईने एकदा भरलेल्या बादल्यांकडे पाहिलं, एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे. चार पावसाळे जास्त पाहिलेली बाई ती. "येते बाई," एवढंच म्हणून उतरून गेली.

सुमनबाई बाथरूममध्ये गेल्या. दाराच्या वर घरात पाणी आणणाऱ्या पाइपाला लाल मूठ होती आणि खाली रिकामं स्टूल. स्वयंपाकघरातलं हे स्टूल इथे कसं, असा प्रश्न त्यांना रोज पडायचा. आता पडला नाही. स्टुलावर चढून मूठ फिरवायला कितीसा वेळ लागतो? पण गुपचूप फिरवली असती तर ती चोरी झाली असती, आणि आपल्याच घरात चोरी कशाला करायची? त्या येऊन स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या.

संध्याकाळी सनी बूट काढत असताना त्यांनी विचारलं, "पाणी तू बंद करून जातोस ना?"

सनीचा हात नाडीवरच थांबला. संजनाने मान खाली घातली.

"पुन्हा तसं झालं असतं तर, आई?"

"तर काय झालं असतं?"

"घर बघायला आलो तेव्हा एजंटने आडनाव पुन्हा पुन्हा विचारलं होतं. विसरलीस? इथे बाकी कुणाचा नळ राहिला तर त्या बाईची चूक. आपला राहिला तर ती आपल्या एकट्याची राहत नाही. आपल्या सगळ्यांच्या नावावर जाते."

हे खोटं नव्हतं. सुमनबाईंनी ते याच्यापेक्षा जास्त सोसलं होतं, म्हणून त्यांनी वाद घातला नाही.

"तुझी आजी विहिरीवर घागर ठेवून लांब बसायची," त्या म्हणाल्या. "विहिरीला हात लावायचा नाही. कुणी बाई आली, तिला दया आली, तर ती वरून घागरीत ओतणार. नाही आली तर उन्हं कलेपर्यंत बसायचं. मी तिच्या शेजारी बसलेली आहे सनी. ते सुटावं म्हणून तुझ्या बापाने हाडाची काडं केली, तुला शिकवलं. आणि या घरात मी पुन्हा तशीच बसले. तू ओतशील तेवढं पाणी."

सनीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग तो उठला. "उघडतो मी."

"तू नको. मला दाखव."

घराचा ताबा मिळाला त्या दिवशी बिल्डरच्या माणसाने सगळे नळ, कॉक, व्हॉल्व्ह फिरून दाखवले होते, पण एकट्या सनीला. सुमनबाई तेव्हा हॉलमध्ये लोकांना खीर वाढत होत्या. दाराची किल्ली घरात तिघांकडे होती आणि पाण्याची एकाकडेच, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. सनीच्याही नाही.

सुमनबाई स्टुलावर चढल्या. सनी खाली स्टूल धरून सांगू लागला. "मूठ पाइपाला आडवी असली की पाणी बंद, पाइपाच्या रेषेत आली की चालू. घरात कुठेही पाणी फुटलं की सगळं सोडून आधी ही आडवी करायची. आपण सगळेच बाहेर जाणार असलो तरी आडवी करायची."

मूठ घट्ट होती. "मी फिरवू?"

"तू धर नुसतं."

त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. मूठ हलली, सरळ झाली आणि भिंतीतून पाणी धावलं. खाली स्टूल धरता धरता सनीने आईचे पाय धरले होते आणि त्यांच्यावर कपाळ टेकलं होतं.

"सोड पाय," सुमनबाई म्हणाल्या. "उतरू दे मला. सिंकखालचा कॉक दाखवायचा राहिलाय तुझा."