दोनशे मीटर चुकलेला चमत्कार

थेल्मा क्रिचलीच्या माळावर त्या सकाळी साठ-पासष्ट माणसं जमली होती. आमच्याकडे एवढी माणसं एरवी मयतालाच जमतात, आणि तीही मेलेला लोकप्रिय असला तर. मधोमध पाणी शोधून देणारा बुवा अँब्रोज टर्कल डोळे मिटून अनवाणी चालत होता. हातात दोन वाकड्या तारा. तारा एकमेकींवर आडव्या पडल्या आणि बुवा नखशिखांत थरथरला.

"सत्तावन्न मीटर," तो पोटातून बोलला. "वर लाल माती, मग चुनखडी, मग करडी चिकणमाती. तिच्याखाली गोडं पाणी. धरणीमाता माझ्या तळपायांशी बोलते." आणि त्यानं पायाशी खुंटी ठोकली.

"माझ्या तळपायांशी फक्त काटे बोलतात," मी म्हणालो.

"तू गप रे, लायल," मागून कुणीतरी म्हणालं.

चाळीस वर्षं या मुलखात बोअर पाडतोय. इतके पाणाडी पाहिलेत की ओळीनं उभे केले तर समुद्रापर्यंत कुंपण होईल. पण या बुवानं तीन ठिकाणी सांगितलेली खोली आणि थर माझ्याच यंत्रानं खरे ठरवले होते. खोटा माणूस खरं बोलू लागला की मला फार थकवा येतो.

थेल्माचं जुनं बोअर आटलं होतं. दोन हजार मेंढ्या तहानलेल्या, आणि माझं यंत्र शुक्रवारी चारशे किलोमीटरवर जायचं होतं. वेळ एकाच बोअरचा. ते खारं लागलं तर मेंढ्या ट्रकात आणि साठ वर्षांच्या घराला कुलूप.

थेल्माची भाची इंग्रिड शाळेत भूगोल शिकवते. गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून ती म्हणाली, "लायल, बुवाच्या आधीच्या तीन जागा दाखव."

दाखवल्या. मग तिनं पाण्याच्या बोअरची सरकारी नोंदवही उघडली, दुसरीकडून खाणवाल्यांचे जुने अहवाल काढले, तिसरीकडून खडकांचा नकाशा. एक फुटांत बोलणार, दुसरा मीटरांत. सगळं एका नकाशावर आणेपर्यंत माझे चार मग चहा झाले.

"हे बघ. त्याच्या प्रत्येक खुंटीच्या ईशान्येला खाणवाल्यांनी पाडलेलं एक जुनं भोक आहे. दरवेळी दोनशे मीटरवर. आणि तू खणलंस तेच थर त्या भोकांच्या नोंदीत आहेत."

"मग बुवा भोकावरच का नाही उभा राहत?"

"त्या नोंदी जुन्या मोजणीच्या आहेत. नंतर देशाच्या नकाशाची मोजणी बदलली. अक्षांश-रेखांशाचे जुने आकडे तसेच फोनमध्ये घातले की माणूस दोनशे मीटर नैर्ऋत्येला पोचतो. आकडे आधी बदलून घ्यायचे असतात. यानं नुसते उतरवले."

"तरी पाणी लागलं की."

"तिथे थर सपाट होते. इथे नाहीत. खुंटी आणि भोक यांच्यामध्ये खडक तुटलाय. खुंटीच्या बाजूच्या बोअरांत मेंढीही तोंड लावणार नाही असं खारं पाणी नोंदलंय."

थेल्मानं सगळं ऐकलं. "चल, बुवा," ती म्हणाली, "दोनशे मीटर चालू. तुझ्या तळपायांनाही विचारू."

सगळी जत्रा मागून निघाली. खुरट्या झुडपाखाली गंजका पाइप निघाला. खाणवाले तांबं शोधायला आले होते, पाणी लागलं म्हणून सोडून गेले. झाकणावर नंबर होता. इंग्रिडनं त्या नंबरची नोंद मोठ्यानं वाचली: लाल माती, चुनखडी, करडी चिकणमाती, सत्तावन्न मीटरवर गोडं पाणी.

"ऊर्जा कधीकधी सरकते," अँब्रोज म्हणाला.

"चारही वेळा एकाच बाजूला?" थेल्मानं विचारलं. "शिस्तीची आहे हं तुझी ऊर्जा. बूट घाल आणि जा."

पाइपाशेजारी बोअर पाडलं. छप्पन्नाव्या मीटरला पाणी आलं. मी चाखलं: गोडं. पण परत जाताना दोघे-तिघे म्हणत होते, "काही म्हणा, बुवाला थोडंफार कळतं."

त्यांच्याशी भांडायची माझ्यात ताकद उरलेली नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो. बाबांनो, बुवानं सांगितलं ते खरंच होतं, पण ते धरणीमातेनं सांगितलं नव्हतं. उन्हात भोकं पाडून, माती चिमटीत धरून कुणीतरी ते लिहून ठेवलं होतं. त्या नोंदी सगळ्यांना उघड्या आहेत, तुम्हालाही. पुढच्या वेळी कुणी डोळे मिटून तुमचं भविष्य सांगू लागला, तर त्याला एवढंच विचारा, हे तुला कुठून कळलं? आणि उत्तर मिळेपर्यंत मला यंत्र चालू करायला सांगू नका.